एका ठिपक्याची वाट

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तिथे सहा माणसं नकाशाभोवती जमायची आणि त्या महिन्यातल्या रविवारांच्या चाली ठरवायची. चाल म्हणजे सगळ्यांनी मिळून चालायची वाट, कधी माळावरून, कधी नदीकाठानं, कधी दोन्हीकडून. खोलीत ग्रीसचा वास होता. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली जुन्या वेळापत्रकांची घडी घातलेली होती. प्रत्येक चालीपुढे मास्तर लाल कागदाचे ठिपके चिकटवायचे. एक ठिपका म्हणजे कोणीही यावं, दोन म्हणजे विचार करून यावं आणि तीन म्हणजे घरी सांगून यावं.

मास्तरांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला होता आणि माणसाच्या खरेपणावरचा त्यांचा विश्वास त्या चौतीस वर्षांत पार उडाला होता. ठिपके ठरवायला ते कोणाला विचारत नसत. दमलात का, असं विचारलं की माणूस हमखास खोटं बोलतो. बेकरीवाल्याचं तोंड भट्टीसारखं लाल झालेलं असायचं, तरी तो म्हणायचा, "छे हो, मी तर पक्षी बघायला थांबलो." म्हणून मास्तरांनी एक माणूस धरला होता, ज्याला दमण्याबाबत खोटं बोलता येत नव्हतं. नवी वाट आधी त्या माणसाला चालायला लावायची. न थांबता पार पडली तर एक ठिपका, वाटेत थांबावं लागलं तर दोन, बसावं लागलं तर तीन.

तो माणूस म्हणजे एका वेल्डरची बायको. सगळे तिला मोजपट्टी म्हणायचे, आणि तिला ते नाव आवडायचं, कारण घरात तिला जी नावं होती ती चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती.

आठ वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या दोन बरगड्यांना चीर गेलेली होती. दर शंभर पावलांना ती थांबायची, कारण श्वासच पुरायचा नाही. मास्तरांनी घड्याळ लावून ते टिपून घेतलं आणि मोजमाप सापडल्याच्या आनंदात बरगड्यांचं विचारलंच नाही. इतरांनी विचारलं. "जिन्यावरून पडले," ती म्हणाली. सगळे म्हणाले, अरेरे. त्यानंतरच्या आठ वर्षांत ती चौदा वेळा जिन्यावरून पडली. तिचं घर तळमजल्यावर होतं आणि हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. भली माणसं होती बिचारी. भल्या माणसांना दुसऱ्याच्या जिन्याबद्दल विचारायचा फार संकोच असतो.

एकटी टपालवाली तेवढी भली नव्हती. पत्रं टाकून टाकून तिच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या आणि जीभही तशीच होती. तिनं दुसऱ्याच रविवारी सगळ्यांच्या मागे राहून विचारलं, "हातानं मारतो की कशानं?"

"हातानंच," मोजपट्टी म्हणाली. "हात फार जड आहे त्यांचा."

तेव्हापासून दोघींचं जमलं. चार वर्षांपूर्वी वेल्डरनं आपल्या एकुलत्या एका मुलीचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटून तिचा जबडा मोडला. मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. दवाखान्यातून ती घरी आली नाही, कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही. "दिसू दे एकदा," वेल्डर म्हणायचा, "दुसरी बाजूही मोडतो. नाहीतर थोबाड वाकडं दिसेल तिचं." हे तो हसत हसत म्हणायचा, आणि तो हसत जे म्हणायचा ते करायचा. मुलगी माळाच्या पलीकडच्या गावात औषधांच्या कारखान्यात बाटल्या तपासायच्या कामाला होती. तिची पत्रं टपालवालीच्या नावावर यायची आणि सायकलच्या दुकानावरच्या खोलीत आईच्या हातात पडायची. फोनचा नंबर मुलीनं कोणालाच दिला नव्हता, आईलासुद्धा नाही. फोन त्याच्या हाती लागेल, पत्र लागणार नाही, असं तिचं म्हणणं होतं.

शेवटच्या पत्रात चारच ओळी होत्या. दोन खोल्या मिळाल्या आहेत. एक तुझी. रविवारी चार वाजता लोखंडी पुलावर उभी राहते. येताना काही आणू नकोस.

म्हणून या महिन्यातली चौथी चाल मोजपट्टीनं स्वतः सुचवली होती. माळ चढायचा, खिंडीतून पलीकडे उतरायचं, नदी लागली की काठाकाठानं लोखंडी पूल गाठायचा आणि तिथून सगळ्यांनी बसनं परत यायचं. सगळ्यांनी म्हणजे तिच्याखेरीज. तीन आठवड्यांपूर्वी ती, मास्तर आणि टपालवाली ही वाट चालून आले. मोजपट्टी कुठेच थांबली नाही. मास्तरांनी एक ठिपका चिकटवला.

"एक?" टपालवाली म्हणाली. "मला दोनदा धाप लागली की, मास्तर."

"तुम्ही मोजमाप नाही आहात," मास्तर म्हणाले. "नियम तो नियम."

आणि त्या एका ठिपक्यानं घात केला.

वेल्डर आठ महिन्यांपासून घरीच होता. तीस वर्षं धूर गिळून त्याच्या छातीचं भुसकट झालं होतं. कारखान्यानं त्याला घरी बसवलं होतं आणि डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलं होतं. पण हात होते तसेच होते. पूर्वी तो कामावर जायचा तेव्हा तिला दिवसाचे नऊ तास मोकळे मिळायचे, आता तेही गेले. चहा गार झाला की थप्पड, गरम असला की कपासकट अंगावर. गेल्या महिन्यात त्यानं तिची करंगळी कपाटाच्या दारात धरून दार लावलं, कारण ती गुणगुणत होती.

त्या रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात बूट घालायला बसली, तर तो आधीच बूट घालून ओट्याला टेकून उभा होता. एका हातात चालींचा छापील कागद होता आणि दुसऱ्या हातात काठी. काठी त्यानंच केली होती, लोखंडी पाइपाची, टोकाला जाड खिळा जोडलेली.

"एक ठिपका," तो म्हणाला. "म्हणजे तूसुद्धा न थांबता चाललीस. हो ना?"

"हो."

"मग मी काय मेलोय का? आज मीही येतो. बघू तरी तुझा मास्तर कसा नकाशा दाखवतो ते."

"अहो, तुमची छाती..."

पाइप ओट्यावर आदळला आणि कपांचे तुकडे उडाले. मग त्यानं तिचे केस मुठीत धरले, तिचं तोंड हळूहळू त्या तुकड्यांजवळ नेलं आणि तिच्या डोळ्यापासून बोटभर अंतरावर थांबवलं. "माझ्या छातीची काळजी करायची नाही," तो तिच्या कानात म्हणाला. "चल, उशीर होतोय."

आठ वर्षं त्याला या चालींचं हसू यायचं, म्हाताऱ्यांची वरात म्हणायचा तो. आणि आज, नेमका आजच! चार वाजता पुलावर मुलगी उभी राहणार होती आणि तिची आईच त्या माणसाला हाताला धरून तिथवर नेणार होती. निरोप पाठवायला नंबर नव्हता. वाट बदलावी तर बोलायला तोंड मोकळं हवं. त्यानं तिचं मनगट धरलं होतं आणि घरापासून बसपर्यंत, बसपासून माळाच्या पायथ्यापर्यंत ते सोडलं नाही. लोकांना वाटलं, किती प्रेम आहे. एक नवी बाई तर तसं म्हणालीसुद्धा.

पायथ्याशी मास्तरांनी माणसं मोजली. अकरा. टपालवाली सगळ्यांच्या मागे, तिची नेहमीची जागा. तिनं वेल्डरला पाहिलं, मनगटावरची पकड पाहिली. तिलाही पूल ठाऊक होता. दोघींची नजरानजर झाली, पण नजरेनं किती बोलणार?

माळावर धुकं नव्हतं, वारा होता. गुडघ्याएवढी खुरटी झुडपं, मध्येच काळी ओली माती, पाय ठेवला की खाली दबायची आणि उचलला की चुप्प आवाज करून सोडायची. खिंडीपर्यंतची चढण दिसायला साधी होती. मोजपट्टी नेहमीच्या पावलांनी चालू लागली आणि त्यानं तिचं मनगट धरलेलं असल्यामुळे त्यालाही त्याच पावलांनी चालावं लागलं. दहा मिनिटांत त्याच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. वीस मिनिटांत त्याची पकड सैल झाली. तो थांबला.

तिनं मागे वळून पाहिलं तर तो एकटाच थांबलेला नव्हता. बेकरीवाला गुडघ्यांवर हात टेकून उभा होता आणि त्याला पक्ष्यांची सबबही सुचत नव्हती. नवी बाई चक्क मातीत बसली होती. टपालवाली हाशहुश करत होती. मास्तर स्वतः कपाळ पुसत होते. आणि तिला, मोजपट्टीला, घामसुद्धा आलेला नव्हता.

मास्तरांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आठ वर्षं ज्या पट्टीवर त्यांनी सगळ्या वाटा मोजल्या, ती पट्टीच वाढत गेली होती. बरगड्या कधीच जुळल्या होत्या. रविवारमागून रविवार चालून तिच्या छातीत, पायांत जोर आला होता, आणि दोनाचा एक झाला, तिनाचे दोन झाले, हे ना मास्तरांच्या लक्षात आलं ना तिच्या. गटातली माणसं आपण म्हातारे झालो असं समजून गप्प दमत राहिली.

"अहो, ही एकाची वाट नाहीच," मास्तर हळूच म्हणाले. "कधीपासून चुकतोय आपण?"

ते पुटपुटणं वेल्डरनं ऐकलं. बाकीच्यांना चूक दिसली, त्याला डाव दिसला. तिनं मुद्दाम एक ठिपका लावला, आपल्याला इथे आणून दहा जणांसमोर कुत्र्यासारखं धापा टाकायला लावलं. त्याचे ओठ जांभळे पडले होते, पण हातात जोर होता. त्यानं पाइप उचलला आणि तिच्या पाठीत घातला.

पहिला फटका खांद्याच्या फऱ्यावर बसला आणि ती गुडघ्यांवर आली. दुसरा कमरेत. माळावर आवाज लांबवर जातो. कोणी हललं नाही. आठ वर्षं ऐकलेला जिना असा समोर उघड्यावर आला होता, आणि तरी कोणी हललं नाही. मग मागून टपालवाली धावत आली, पाठीवरच्या पिशवीसकट त्याच्या अंगावर पडली आणि त्याचा कान दातांत धरला. तो ओरडला. त्यानं पाइपाचं टोक तिच्या तोंडावर हाणलं, नाकाचं हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. मास्तर "अहो, अहो" करत मध्ये आले, त्यांना कानाखाली अशी बसली की चष्मा झुडपात गेला आणि ते चिखलात आडवे झाले. बेकरीवाल्यानं हात जोडले. खरंच जोडले, देवळात जोडावेत तसे.

"आता चालायचं," वेल्डर म्हणाला. कानातून रक्त गळत होतं. "सगळ्यांनी. त्या पुलापर्यंत. बसनं जायचंय ना घरी? चला."

पूल हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला आणि मोजपट्टी उठून उभी राहिली.

पाठ पेटली होती. पण श्वास? श्वास शाबूत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. आठ वर्षं ती माणसांची धाप बघत आली होती, कोण कुठे थांबणार, कोण कुठे बसणार हे तिला तो माणूस सांगायच्या आधी कळायचं. खिंड आता जवळच होती, पुढे सगळा उतार आणि सपाटी. हा माणूस सपाटीवर एक तास चालेल. उतारावर दोन. पुलापर्यंत नक्की पोचेल. चढणीवर मात्र नाही पोचणार कुठेच.

उजवीकडे माथ्याकडे जाणारी वाट होती. तिला मास्तरांनी कधी ठिपकेच लावले नव्हते, कारण तिकडे गट जातच नसे. ती त्या वाटेनं निघाली.

"ए! कुठे?"

ती वीस पावलांवर थांबली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला एकेरीत हाक मारली. "ये की. धर मला."

मास्तर ओरडले, "बाई, वर नका जाऊ!" तिनं वळून फक्त एवढंच सांगितलं, "तुम्ही सगळे नदीवर उतरा. तिथे फोन लागतो."

तो तिच्या मागे निघाला. न निघून करतो काय? दहा जणांसमोर बायको एकेरीत बोलली होती. तो धावला, ती धावली. तो थांबला, ती थांबली. तिनं अंतर वाढू दिलं नाही आणि कमीही होऊ दिलं नाही. वाढलं तर तो परत फिरला असता, पुलाकडे. एकदा त्यानं दगड भिरकावला, तो तिच्या कानशिलाला चाटून गेला आणि रक्त मानेवर ओघळलं. दुसरा पोटरीवर बसला. ती लंगडली, तसा त्याला हुरूप आला, तसा तो आणखी पन्नास पावलं वर चढला. मग तिनं लंगडायचं नाटकही केलं. चांगलं जमलं तिला ते. आठ वर्षं न लंगडण्याचं नाटक केलेलं असलं की लंगडण्याचं काय अवघड!

तो शिव्या देत होता, आधी पुऱ्या, मग अर्ध्या, मग नुसतं पहिलं अक्षर. तासाभरानं तेही बंद झालं. माथ्याच्या अलीकडे एक उघडा खडक होता. तिथे तो आधी वाकला, मग बसला, मग पाय पसरून मागे टेकला. तोंड उघडं होतं आणि छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती. त्यानं शेवटचा जोर लावून पाइप तिच्याकडे फेकला. तो तिच्या पायाशी येऊन पडला.

झालं, असं तिला वाटलं. इथून आता सरळ नदीवर उतरायचं, पूल गाठायचा, मुलीला घेऊन पहिल्या बसनं जिकडे नेईल तिकडे जायचं. ती वळली.

"पुलावर आहे ना ती?"

ती थबकली.

तो थांबून थांबून बोलत होता. मधल्या प्रत्येक जागी श्वास घेत होता, आणि तिला ते सगळं शेवटपर्यंत ऐकावं लागलं. "पूल म्हणालो... तशी उठलीस. इतका वेळ... मार खात होतीस. पूल म्हणताच... उठलीस. आणि मला... वर घेऊन आलीस. म्हणजे पोरगी... खाली आहे. त्या गावात." तो हसला आणि हसता हसता खोकला. "चार वर्षं... शोधतोय. आज तू... गाव दाखवलंस."

मुलीला वाचवायला म्हणून जे केलं त्यानंच तिचा ठावठिकाणा कळला. तिला रडावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं. तो आज उठणार नव्हता, पण मरणारही नव्हता. दोन तासांनी माणसं येतील, खाली नेतील, नळीनं हवा देतील. चार दिवसांनी तो आपल्या पायांनी त्या गावात फिरेल. छोटं गाव, एकच कारखाना. फाटकाशी उभा राहिला तरी पुरे.

तिनं पाइप उचलला. जवळ गेली. "खरंच जाल तिकडे?" तिनं विचारलं. पुन्हा तुम्ही म्हणाली ती, सवयीनं.

तो नाही म्हणाला असता तर तिनं खरं मानलं असतं. चौदा वेळा मानलं होतं. पण धापा टाकणाऱ्या माणसाला खोटं बोलायला दम लागतो, आणि त्याच्याकडे दम नव्हता. "उद्याच," तो म्हणाला.

तिनं दोन्ही हातांनी पाइप डोक्यावर नेला आणि त्याच्या उजव्या नडगीवर मारला. हाड मोडल्याचं हाताला कळलं, कानाला नंतर. तो ओरडलाच नाही, ओरडायला हवा नव्हती, नुसते डोळे मोठे झाले. तो फटका मुलीसाठी होता. दुसरा तिनं त्याच जागी मारला, तो करंगळीसाठी, आणि हे तिला मारतानाच माहीत होतं. तिसरा डाव्या गुडघ्यावर. तो कशासाठी ते तिला माहीत नव्हतं. बरं वाटलं म्हणून मारला. खरं सांगायचं तर खूप बरं वाटलं, आठ वर्षांच्या सगळ्या माळांवर वाटलं नव्हतं इतकं. चौथ्यासाठी हात वर गेला तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं आणि अंगाचं मुटकुळं केलं. ती ते मुटकुळं ओळखत होती. हात तसाच वर ठेवून ती बराच वेळ उभी राहिली.

मग तिनं पाइप पाठीवरच्या पिशवीच्या पट्ट्यात खोचला. अंगातलं जाकीट काढून त्याच्यावर पांघरलं. चहाचा थर्मास त्याच्या हाताशी ठेवला आणि गळ्यातली शिटी काढून त्याच्या गळ्यात अडकवली. "तीनदा वाजवा, थांबा, परत तीनदा," तिनं सांगितलं. "वाजवत राहा, म्हणजे सापडाल." तो रडत होता. तिनं ते पाहिलं आणि खाली उतरू लागली.

नदीवर गट बसला होता. टपालवालीच्या तोंडावर ओला रुमाल होता आणि रुमाल लाल झाला होता. मास्तरांचा फोन लागला होता, गाडी निघाली होती. मोजपट्टीनं जागा सांगितली. माथ्याच्या अलीकडे, उघडा खडक, पूर्वेच्या अंगाला. मास्तरांनी नकाशावर फुली मारली. चष्म्याशिवाय ते नकाशा नाकाला लावून बघत होते.

"काय झालंय त्याला?"

"दोन्ही पाय मोडलेत."

"कसे?"

ती तोंड उघडणार तेवढ्यात टपालवालीनं रुमाल बाजूला केला. "पडला असेल," ती म्हणाली. नाक मोडल्यामुळे आवाज फुटका येत होता. "जिन्यावरून."

कोणी हसलं नाही. बेकरीवाल्यानं मान खाली घातली. मग तो उठला, आपलं जाकीट काढून त्यानं मोजपट्टीच्या खांद्यावर टाकलं आणि परत आपल्या जागी जाऊन बसला. टपालवालीनं मास्तरांना पुलाचं सांगून टाकलं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "साडेतीन झाले," ते म्हणाले. "तुम्ही निघा. पोलीस आले की मी सांगेन, बाई स्वतः येऊन भेटतील म्हणून. याल ना?"

"येईन," ती म्हणाली. मास्तरांच्या लेखी तिला खोटं बोलता येत नव्हतं.

काठाची वाट सपाट होती. डावीकडे पाणी, उजवीकडे वाकलेली झाडं. ती झपझप चालत होती, आणि जसजशी चालत होती तसतसं मन हलकं होत होतं. किमान सहा महिने. दोन्ही पायांना प्लास्टर, वर ती छाती. सहा महिन्यांत कारखाना बदलता येतो, गाव बदलता येतं. मुलीला काय सांगायचं ते ती मनात जुळवत होती. पहिल्यांदा म्हणायचं, तो येणार नाही. बाकी सगळं नंतर.

पुलाच्या कठड्याला टेकून मुलगी उभी होती. चार वर्षांत उंच झाली नव्हती, पण रुंद झाली होती. केस कापले होते. जबडा थोडा वाकडाच जुळला होता, आणि त्या बाजूला तिनं केसांची बट पुढे घेतली होती. आईला पाहून ती आधी हसली आणि धावत पुढे आली. मग चार पावलांवर तिचे पाय अडखळले. तिला आईच्या मानेवरचं सुकलेलं रक्त दिसलं, आणि खांद्यामागून वर आलेला पाइप दिसला, टोकाला खिळा असलेला, त्यावरही रक्त.

"अगं, काही नाही," आई म्हणाली. "तो येणार नाही. मी मारलं त्याला. तो नाही येणार आता."

आणि मुलीच्या गालावरची बट मागे सारायला तिनं हात वर उचलला.

मुलगी मागे सरली. दोन्ही कोपरं वर घेऊन तिनं डोकं झाकलं आणि कठड्याला पाठ लावून खाली बसली. क्षणभरच. लगेच तिच्या लक्षात आलं, तिनं कोपरं खाली घेतली आणि म्हणाली, "आई, सॉरी गं, मला एकदम..."

आईचा हात अजून हवेतच होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, दुसऱ्या कोणाचा असावा तसं. नखांत काळी माती होती आणि पंज्यावर पाइपाचा वळ उठला होता. जवळ जाऊन पोरीला कुशीत घ्यावं असं तिला फार फार वाटलं, पण ती जागची हलली नाही. हात हळूहळू खाली आला आणि तिनं तो पाठीमागे नेला. मग पट्ट्यातला पाइप काढून कठड्यावरून नदीत टाकला.

"घर कुठल्या बाजूला?" तिनं विचारलं.

मुलीनं पुलापलीकडे बोट दाखवलं.

"तू पुढे चाल," आई म्हणाली. "मी येते मागून."